देवरेसाहेबांनी पास केलेले फिन्स

"यात विचारायचं काय आहे?" चिमाजी देवरे म्हणाले. "खाली पाणी, वर माणूस आणि पायाला एक पट्टी! ज्याने जन्मभर पट्ट्याच तपासल्या, त्याला ती कालची पोर पट्टी निवडायला शिकवणार?"

हे उद्गार त्यांनी सिडकोतल्या आपल्या घरी, पोहे खाता खाता काढले. संजनाबाईंनी त्यांच्या बशीत लिंबाची फोड ठेवली. नवरा इतक्या आत्मविश्वासाने बोलायला लागला की काहीतरी मोडणार, फाटणार नाहीतर अडकणार, हे त्यांना पंचवीस वर्षांच्या संसारात पुरतं कळून चुकलं होतं.

देवरेसाहेब अंबडच्या एका लोखंडी पट्ट्यांच्या कारखान्यात क्वालिटीचे प्रमुख होते. म्हणजे काय, तर दुसऱ्यांनी घाम गाळून बनवलेला माल हातात घ्यायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि "वाकतंय" म्हणायचं. माल रिजेक्ट! 'वाकतंय' हा त्यांच्या लेखी जगातला सर्वांत वाईट शब्द होता. फारच संताप आला तर ते "पार वाकतंय" म्हणत. त्यापुढे शिवी नव्हती.

घरीही तेच. भांड्यांच्या दुकानात ते चमचा दोन बोटांत धरून वाकवून बघत, आणि तो वाकला की दुकानदाराकडे असं बघत की बिचारा स्वतःच माल आत नेऊन ठेवी. असा त्यांनी एक तवा रिजेक्ट केला, एक शिलाई मशीन रिजेक्ट केलं, वेताच्या दोन खुर्च्या रिजेक्ट केल्या. संजनाबाई दुसऱ्या दिवशी एकट्या जाऊन त्याच वस्तू घरी घेऊन आल्या. त्या सगळ्या अजून वापरात आहेत. साहेबांनी स्वतः पास केलेला कुकर मात्र हल्ली गच्चीत असतो. त्यात कोरफड लावली आहे.

तर हे फिन्सचं, म्हणजे पोहताना पायात घालायच्या त्या पसरट पात्यांचं, प्रकरण सुरू झालं ते मुलीमुळे. सृष्टी बंगळुरात नोकरीला. आईबापाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तिने दोघांना स्कूबा डायव्हिंगचा कोर्सच भेट दिला! आधी गंगापूर रोडच्या पोहण्याच्या तलावात शिकायचं, मग मालवणला जाऊन समुद्रात उतरायचं. साहेबांना वाटलं, संजना म्हणेल, "काय हे पोरीचं खूळ." संजनाबाई म्हणाल्या, "कधी जायचं?"

त्याला कारण होतं. लग्नानंतर साहेबांनी त्यांना समुद्र दाखवला होता. दाखवला म्हणजे किनाऱ्यावर उभं करून, पायातले बूटही न काढता, बोट करून दाखवला. तेव्हा नव्या नवरीने विचारलं होतं, "आत काय असेल हो?"

"पाणी," साहेब म्हणाले होते, आणि परतीच्या गाडीची वेळ झाली होती.

आता मात्र आत बघायचंच, असं बाईंनी ठरवलं होतं. अडचण एकच. समुद्रात जोडीनेच उतरायचं, असा नियम. तलावातली परीक्षा दोघांनी पास करायची. एकाची दांडी उडाली तर जोडी फुटली. आणि संजनाबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं, "अनोळखी माणसाचा हात धरून मी काही पाण्याखाली जायची नाही. जाऊ तर दोघं."

शिकवणारी अदिबा पंचविशीची, हसतमुख मुलगी होती. पहिल्याच आठवड्यात तिने सगळ्यांना सांगितलं, "फिन्स घेताना आधी पायात घालून बघा. चावायला नको आणि निसटायलाही नको, हे पहिलं. पातं मध्यम घ्या, फार कडक नको. नवीन माणसाच्या पोटऱ्या तयार नसतात, गोळे येतात. आणि फार लांबही नको."

सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी नाही डोलावली. बाहेर येताना ते बायकोला हळूच म्हणाले, "ऐकलंस? 'फार कडक नको' म्हणे! ज्याचा माल कच्चा असतो ना, तो सप्लायर हेच सांगतो."

"ती कुठे काय विकतेय?"

"हेच तर! न विकताच इतकं बोलते. विकायला लागली तर काय करेल!"

फिन्स मिळत होते लियाकतभाईंच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात. बॅटी, कॅरम, शटलकॉक यांच्या मागे, अदिबाच्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून त्यांनी एक कप्पा ठेवला होता. साहेब दुकानात आले ते पिशवीत सुतळी आणि स्टीलची पट्टी घेऊनच. त्यांनी लियाकतभाईंची दोन स्टुलं समोरासमोर मांडली, त्यांच्यावर निळा फिन आडवा ठेवला, मधोमध डंबेल टांगलं आणि खाली उकिडवे बसून पट्टी लावली.

"वाकतंय," ते म्हणाले.

"साहेब, ते वाकायसाठीच बनवलंय," लियाकतभाई म्हणाले. "मासळीची शेपूट बघा ना, कशी वाकते!"

"मासळी माझ्याकडे तपासणीला आलेली नाही."

हिरवे फिन्स रिजेक्ट झाले. राखाडी रिजेक्ट झाले. दुकानात बॅट घ्यायला आलेलं एक कुटुंब 'इथे काहीतरी सरकारी चाललंय' असं समजून बाहेरच्या बाहेर निघून गेलं. तेवढ्यात साहेबांची नजर वरच्या फळीवर गेली. तिथे काळ्या फिन्सची एक जोडी होती. दाराच्या फळ्यांएवढी लांब!

"ते कोणाचे?"

"ते राहू द्या साहेब. एक पैलवान होते, त्यांनी मागवले आणि न्यायला आलेच नाहीत. त्यांच्या मांड्या अशा!" लियाकतभाईंनी हातांनी पिंपाचा आकार दाखवला. "नव्या माणसाचं काम नाही."

साहेबांनी काळा फिन स्टुलांवर ठेवला. एक डंबेल टांगलं. फिन हलला नाही. दुसरं टांगलं. फिन हलला नाही, स्टूल मात्र कुरकुरलं. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांच्या चेहऱ्यावर, सृष्टी जन्मली तेव्हा होतं तसं समाधान पसरलं.

"पास!"

"पण पायात घालून तरी बघा," लियाकतभाई काकुळतीला आले. साहेबांनी घालून बघितला. पाय निम्माच आत गेला. जोर केल्यावर उरलेला गेला. "घट्ट होतंय साहेब."

"घट्टच पाहिजे! सैल बसलं की आत हलत राहतं. आणि नवी चप्पल चार दिवस चावतेच. पुढे होते सवय."

इकडे संजनाबाईंनी रिजेक्ट ढिगातला निळा जोड उचलला होता. मागे पट्टा, आत पाय आरामात. त्यांनी बोटं हलवून पाहिली. "हे बरंय."

"अगं, रिजेक्ट माल आहे तो!"

"असू दे. मी नेहमी रिजेक्टमधलंच घेते," बाई म्हणाल्या. "टिकतं."

नवी चप्पल चावते त्यावर देवरे घराण्यात एकच इलाज. खोबरेल तेल लावायचं आणि घरातल्या घरात घालून हिंडायचं. रविवारी दुपारी साहेबांनी दोन्ही पायांना टाचेपर्यंत तेल चोपडलं आणि काळे फिन्स चढवले. तेलामुळे पाय सुळ्ळकन आत गेले. साहेब खूश झाले. मग चहाची वेळ झाली, तेव्हा काढायला गेले, तर निघेनात! पाय आत गरम होऊन फुगले होते, आणि तेलाने हात जिथे धरावा तिथून सटकत होता.

संजनाबाई खाली भाजी घ्यायला गेल्या होत्या. नेमकी तेव्हाच बेल वाजली.

फिन्स घालून पुढे चाललं की माणूस तोंडावर पडतो, उलटं चालायचं असतं, हे अदिबाने शिकवलेलं साहेबांना आठवलं. तिचं एवढं एकच त्यांनी ऐकलं. ते फटाक फटाक करत उलटे चालत दारापर्यंत गेले, हात मागे नेऊन कडी काढली आणि तसेच, दाराकडे पाठ करून, उभे राहिले.

दारात त्यांचा धाकटा भाऊ धोंडीराम होता. सटाण्याहून आलेला, खांद्यावर कांद्याची गोणी. दार उघडतं काय, आणि समोर थोरल्या भावाची पाठ! तो थबकला. गोणी त्याने हळूच खाली ठेवली.

"दादा," तो म्हणाला, "पाठ का फिरवली?"

"काही नाही. ये आत."

"म्हणजे तुला कळलं."

"काय कळलं?"

"बांधावरचा आंबा." धोंडीराम गोणीकडे बघत म्हणाला. "मी सांगणारच व्हतो, दादा. वाळून गेला व्हता तो. लय वाट पाह्यली पालवी फुटायची. नाय फुटली. मग तोडला. पण म्हणून तू मह्याकडं तोंड बी करणार नाय का?"

"आंबा तोडला?" साहेब ओरडले आणि झटकन वळले.

दाराच्या फळ्यांएवढे फिन्स पायात असताना झटकन वळायचं नसतं. डावं पातं चपलांच्या स्टँडला लागलं, उजवं तेलाच्या बाटलीला. बाटली आडवी झाली, तेल फरशीवर पसरलं, आणि साहेब त्या तेलावरून घसरत, बसल्या बसल्या, थेट सोफ्यापर्यंत पोचले. धोंडीरामने आता कुठे खाली पाहिलं.

"दादा, पायाला काय झालं?"

"फिन्स आहेत. निघत नाहीयेत."

धोंडीराम शेतकरी माणूस. अडचण कळली की तो भांडण विसरतो. त्याने बाह्या सरसावल्या, एक पाय सोफ्याला टेकवला आणि काळं पातं दोन्ही हातांनी धरलं. तेवढ्यात भाजी घेऊन संजनाबाई आल्या.

"वहिनी, पाणी गरम करा," धोंडीराम मागे न बघता म्हणाला. "गाईचं वासरू अडकलं म्हंजी असंच ओढावं लागतं. दादा, श्वास सोड."

"मी काय गाय आहे?"

"तू सोड तं खरं!"

बाईंनी गरम पाणी आणि भांड्यांचा साबण आणला. तो फिनच्या आत ओतला, धोंडीरामने हिसका दिला, 'फट्' असा मोठा आवाज झाला आणि धोंडीराम फिनसकट कांद्याच्या गोणीवर जाऊन बसला. दुसऱ्या पायालाही तसंच. मग त्याने फिन उलटसुलट करून पाहिला, वाकवायचा प्रयत्न केला, तो वाकला नाही.

"कशाला शे हे?"

"समुद्रात जायला."

"अन् घरात का घातलं?"

"सवय व्हावी म्हणून."

धोंडीराम फडकं घेऊन फरशीवरचं तेल पुसायला लागला. आंब्याचा विषय मात्र त्या दिवशी मिटला, तो कायमचाच.

पुढच्या शनिवारी तलावात परीक्षा. पाठीवर सिलिंडर, हात छातीशी, नुसत्या पायांनी तलावाच्या तीन फेऱ्या मारायच्या. संजनाबाई निळे फिन्स घालून निघाल्या. पाती पाण्यात अशी वाकत होती, की साहेबांना बघवेना. आणि बाई पुढे जात होत्या! ते काही साहेबांच्या लक्षात आलं नाही. त्यांचं लक्ष पात्यांवर होतं.

मग साहेबांनी पाय मारला. काळा फिन वाकला नाही. पाणीही सरकलं नाही. मधल्या मधे साहेबांचा गुडघाच काय तो वाकला. त्यांनी आणखी जोर लावला. पाय वर येईना, वर आला तर खाली जाईना. तलावाच्या उथळ कडेला भिमाबाई म्हणून एक आजी गुडघ्यांच्या व्यायामासाठी पाण्यात नुसत्या चालत असत. त्या साहेबांच्या मागून आल्या, बरोबरीने आल्या, "सावकाश हो भाऊ," म्हणाल्या आणि पुढे निघून गेल्या.

अर्ध्या फेरीत साहेबांच्या डाव्या पोटरीत गोळा आला. उजव्या पोटरीने थोडा वेळ एकटीने काम केलं, त्यामुळे साहेब जागच्या जागी गोल फिरले. मग उजवीतही आला. अदिबाने उडी मारून त्यांना सिलिंडरला धरून कडेला ओढत आणलं, बाजारातून गोणी आणावी तसं.

"सर, परीक्षा आज नाही झाली," ती म्हणाली. ती हसत नव्हती, हे तिचे उपकारच. "शुक्रवारी पुन्हा या. माझ्याकडचे जुने पिवळे फिन्स देते."

"वाकतात का?"

"वाकतात, सर."

बाकावर बसल्यावर संजनाबाईंनी त्यांची पोटरी मांडीवर घेतली आणि चोळायला लागल्या. बराच वेळ चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला जायचंय हो. फार जायचंय. आजवर मी काही मागितलंच नाही असं नाही. मागितलं. तुम्ही ते हातात घेतलंत, वाकवून बघितलंत आणि परत ठेवलंत. एवढं एक नका परत ठेवू."

साहेबांच्या दोन्ही पोटऱ्या ठणकत होत्या, पण आता दुखलं ते भलतीकडेच. त्यांनी चष्मा पुसला. तो कोरडाच होता.

शुक्रवारी त्यांनी डोळे मिटून पिवळे, मऊ, शंभर जणांनी वापरलेले फिन्स चढवले आणि तिन्ही फेऱ्या मारल्या! सहज! भिमाबाईंना तर दोनदा मागे टाकलं. वर आले तेव्हा साहेब दुसराच माणूस होते. "संजना, सगळी गंमत वाकण्यात आहे!" ते म्हणाले. अंबडच्या कारखान्यात त्या आठवड्यात काय काय पास झालं, ते विचारू नका.

मालवणच्या वाटेवर गाडीत असताना धोंडीरामचा फोन आला. काळे फिन्स तो आधीच सटाण्याला घेऊन गेला होता.

"दादा, लय भारी वस्तू शे! फावड्यानं कांदा सरकवला की कापतो. ह्यानं कितीही सरकव, कापत नाय. अन् वाकत बी नाय! शेजारचा मागतोय, अजून एक जोड भेटंल का?"

"लियाकतभाईंना विचारतो," साहेब म्हणाले आणि फोन ठेवून बायकोकडे बघितलं. "बघ. माझी तपासणी चुकलेली नव्हती. वापर चुकला."

"हो," संजनाबाई म्हणाल्या.

मालवणला बोटीवर फराज नावाचा गाइड होता. सोबत पुण्याचं एक तरुण जोडपं होतं. फिन्स एका मोठ्या क्रेटमध्ये ठेवलेले. "आपापले घालून बघा आणि घ्या," फराज म्हणाला. निघताना अदिबानेही साहेबांना हेच बजावलं होतं. संजनाबाईंचे निळे तर बरोबरच होते.

घालून बघायला साहेबांना वेळ कुठला! त्यांनी बोटीच्या दोन फळ्यांवर एकेक फिन आडवा ठेवला आणि मध्ये, पाण्याखाली जायला कमरेला बांधतात ते शिसं टांगलं. फक्त या वेळी हिशेब उलटा होता.

"वाकत नाही. रिजेक्ट!"

"सर, तो चांगला आहे," फराज म्हणाला.

"कमी वाकतो. रिजेक्ट!"

"सर, ऊन चढतंय."

क्रेटच्या तळाशी एक म्हातारा, पांढुरका जोड निघाला. शिसं टांगायच्या आधीच तो ओल्या टॉवेलसारखा लोंबला. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "वाकतंय!" त्यांचा आवाज भरून आला. "पास!"

त्यांनी पाय घातले. संजनाबाईंनी काळजीने विचारलं, "बोटं हलतायत का?"

"बोटं?" साहेब अभिमानाने म्हणाले. "अगं, अख्खा पाय हलतोय!"

आणि सगळे पाण्यात उतरले.

आत काय होतं, ते संजनाबाईंना पंचवीस वर्षांनी दिसलं. निळं पाणी होतं, खडक होते, आणि खडकांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांची एक झुंडच्या झुंड होती. मासे त्यांच्या तोंडासमोर आले, त्यांच्याकडे बघितलं आणि आपल्या कामाला लागले. बाई तिथेच तरंगत राहिल्या. त्यांना रडू आलं, पण मास्कमध्ये रडता येत नाही हेही त्यांना लगेच कळलं.

हे दाखवावं म्हणून त्यांनी वळून पाहिलं, तर साहेब मागे राहिले होते. त्यांच्या उजव्या पायातला फिन निघाला होता आणि फराज तो पकडायला गेला होता. साहेब उरलेल्या एका फिनने जोरात पाय मारत होते आणि तलावात फिरले होते तसेच गोल फिरत होते. तिसऱ्या गिरकीला डावाही निघाला. आता साहेब सबंध अनवाणी, हात पसरून, पाण्यात नुसते उभे. पुढे जाईनात, मागे येईनात.

संजनाबाई निळी पाती हलवत परत आल्या आणि त्यांनी नवऱ्याचा हात धरला. घट्ट. मग त्याला ओढत ओढत त्यांनी सगळा समुद्र दाखवला. खडक दाखवले, शिंपले दाखवले, ती पट्टेरी झुंड पुन्हा दाखवली. एक मासा साहेबांच्या नाकासमोरून गेला. शेपूट वाकत होती. साहेबांनी ती अगदी निरखून पाहिली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच काहीही शेरा न मारता एखादी गोष्ट जाऊ दिली. तोंडात नळी होती, हेही एक कारण असेल.

वर बोटीत आल्यावर पुण्याची ती मुलगी गहिवरून गेली होती. "काकू, कित्ती गोड! आम्ही दोघं तर खाली एकमेकांना विसरूनच गेलो होतो. आणि तुम्ही पंचवीस वर्षांनंतरही शेवटपर्यंत काकांचा हात सोडला नाहीत!"

फराज दोन पांढुरके फिन्स क्रेटमध्ये टाकता टाकता खोकला. साहेबांनी आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि टॉवेल त्यांच्यावर ओढून घेतला.

संजनाबाईंनी केस पिळले.

"सवय आहे गं," त्या म्हणाल्या. "रिजेक्ट माल मी कधीच सोडत नाही. टिकतो."